फोटोला तारीख हवी

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. पावसाळ्यात धबधब्यासाठी आणि कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी इथे माणसांची रीघ लागते. यात्रा पांगली की मागे उरतात उतारावरची कोरडवाहू शेतं, ओढ्याकाठची झुडपं आणि एकमेकांपासून लांब असलेले आखाडे, म्हणजे शेतातली घरं. तरस, कोल्हा, खोकड, लांडगा, रानमांजर, साळिंदर, रानडुक्कर, वानर आणि मोर ही बालाघाटाच्या माळांवरची जनावरं आहेत, आणि त्यांचा वावर माणसाच्या घरापासून फार लांब नसतो. रात्री गोठ्याच्या मागून एखादं जनावर जातं, सकाळी धुऱ्यावर पाऊल उमटलेलं दिसतं, त्यावर दोन वाक्यं बोलली जातात आणि दुपारपर्यंत ती विसरली जातात. आता जवळजवळ प्रत्येक घरात कॅमेऱ्याचा फोन आहे, त्यामुळे फोटोही निघतात. या फोटोंकडे आपण चुकीच्या अपेक्षेने पाहतो असं मला वाटतं. घराभोवतीच्या जनावराचा फोटो देखणा नसला तरी चालेल, पण त्याला तारीख, वेळ आणि जागा हवी. ती असेल तर धूसर, अर्धवट, शेपटीपुरता फोटोही पुरावा होतो. ती नसेल तर अप्रतिम फोटोही काही दिवसांत निरुपयोगी होतो, आणि कधी कधी घातकही ठरतो.

हे काम घरच्या माणसानेच करायला हवं, कारण ते करणारं दुसरं कोणी नाही. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ 10,693 चौरस किलोमीटर आहे आणि त्यात वनाच्छादन तीन टक्क्यांच्याही आत भरतं. पाटोदा तालुक्यात मोरांसाठी राखलेलं नायगाव मयूर अभयारण्य आहे, तेही जेमतेम 30 चौरस किलोमीटरचं. देशात वन्यप्राण्यांची सर्वांत मोठी कॅमेरा-पाहणी वाघांच्या अंदाजासाठी होते. 2018 च्या फेरीत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो मिळाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पण ती पाहणी वाघांच्या जंगलांपुरती असते, मराठवाड्याच्या माळापर्यंत ती येत नाही. एखादा अभ्यासक आला तरी चार-सहा महिने राहून परत जाणार. बारा महिने, तिन्ही ऋतू, एकाच जागी राहणारा माणूस म्हणजे आखाड्यावरचा शेतकरी. ज्या जागेवर त्याची नजर रोज पडते, तिथली नोंद दुसरा कोणीही त्याच्याइतकी सलग ठेवू शकत नाही.

जंगल नसलेल्या भागात कॅमेरा लावून काय मिळणार, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालेलं आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या आणि इतर पिकांच्या शेतांत कॅमेरे लावले. 179 चौरस किलोमीटरचा हा टापू पूर्ण शेतीचा, आणि लोकवस्ती दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 4.8 प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस असल्याचा अंदाज निघाला. त्याच कॅमेऱ्यांत कोल्हा, खोकड, रानमांजर आणि आकाराने घरच्या मांजराहून लहान असलेली वाघाटीसुद्धा आली. त्या शेतांत रोज काम करणाऱ्या माणसांना यांतली बरीच जनावरं क्वचितच दिसत असणार, कारण माणूस झोपतो तेव्हा ती निघतात. पुढच्याच वर्षी त्याच भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा, 39 टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा बराच कमी होता, कारण शेळी रात्री आत बांधलेली असते आणि कुत्रं बाहेर मोकळं. बिबट्या शेळ्यांसाठीच वस्तीवर येतो हा सगळ्यांचा पक्का समज होता. मोजणी झाली तेव्हा मोकाट कुत्री आणि उघड्यावर पडलेलं खरकटं यांच्याकडे लक्ष गेलं, आणि घरमालकाला आपल्या हातातला उपाय दिसला.

नोंद नसते तेव्हा काय होतं, याचं उदाहरण शोधायला बीड जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावाचं नाव जगभर गेलं. वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावरून टाकली, अडीचशे कुत्री मारली, कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून हा सूड चालला आहे, अशा बातम्या परदेशी वाहिन्यांपर्यंत पोहोचल्या. वनखात्याने दोन वानरं पकडून नेली. गावात जाऊन चौकशी करणाऱ्या बातमीदारांना अडीचशेचा आकडा फुगवलेला आढळला. वानराने पिल्लू उचलून झाडावर किंवा धाब्यावर नेणं घडू शकतं. तिथे दूध न मिळाल्याने किंवा खाली पडून ते पिल्लू मरणंही शक्य आहे. पण सूड हा हेतू झाला, आणि हेतू लांबून दिसत नाही. वानरांच्या समाजात नवा नर कळपाचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारली जातात, हे अभ्यासकांनी वर्षानुवर्षं एकेका कळपामागे बसून, एकेक वानर ओळखून सिद्ध केलं. मराठी वाचकाला हा विषय व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मुळे परिचयाचा आहे. लवूळमध्ये कोणी पहिल्या दिवसापासून तारीख, जागा, कुठलं वानर, पिल्लू जिवंत होतं की मेलेलं, एवढं जरी टिपलं असतं तरी जगाला एक खरीखुरी, अभ्यासाला घेता येईल अशी घटना मिळाली असती. मिळाली ती सूडकथा. गावाची चेष्टा झाली, आणि खरं काय घडलं ते नीट कळायची संधीही गेली.

बिबट्याच्या बाबतीत हीच ढिलाई जास्त महाग पडते. नोव्हेंबर-डिसेंबर 2020 मध्ये बीडच्याच आष्टी तालुक्यात आणि नंतर सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मेली. शेवटी 18 डिसेंबरला करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशा दिवसांत गावागावांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर बिबट्याचे फोटो फिरायला लागतात, आणि त्यातला कुठला कालचा, कुठला तीन वर्षांपूर्वीचा, कुठला दुसऱ्याच राज्यातला हे सांगायला कोणी नसतं. यामागे एक साधं तांत्रिक कारणही आहे. फोनमधल्या मूळ फोटोत काढल्याची तारीख-वेळ असते, आणि सोय चालू असेल तर ठिकाणही असतं. व्हॉट्सअॅपवर तोच फोटो नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून पडते, पोहोचतं ते नुसतं चित्र. ते चित्र वीस गावांत फिरतं आणि प्रत्येक गावाला आपल्याच शिवारातलं वाटतं. वनरक्षक मग फोटोच्या मागे धावतात आणि खऱ्या जागेवर माणूस कमी पडतो. मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर तारीख टिकते. निदान फोटोखाली गाव, गट नंबर, दिवस आणि वेळ लिहिली तरी पुष्कळ गोंधळ टळेल. वनखात्याचा 1926 हा टोल-फ्री क्रमांक आहे. तिथे कळवताना ‘बिबट्या दिसला’ यापेक्षा ‘आज पहाटे पावणेपाचला, अमुक ओढ्याच्या पुलाखाली’ हे वाक्य कितीतरी जास्त कामाचं.

दिसलेलं जनावर बिबट्याच होतं का, हाही प्रश्न असतो. अंधारात, बॅटरीच्या झोतात, पट्टे असलेलं मोठं जनावर दिसलं की तरसाचा वाघ व्हायला वेळ लागत नाही. इथे पाऊलखूण साक्षीला येते. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. ठसा गोलसर, बोटं सुटी. तरस, लांडगा, कोल्हा, कुत्रा यांच्या ठशात नखांची टोकं दिसतात, आणि तरसाचं पुढचं पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठं असतं. बरोबर सरळ वरून फोटो काढावा, शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवावं म्हणजे माप कळतं, आणि ऊन तिरपं असताना काढावा म्हणजे ठशाच्या कडा उठून दिसतात. कॅमेरा घ्यायची ऐपत नसेल त्याने गोठ्याच्या वाटेवर वावभर लांबीची मऊ मातीची पट्टी संध्याकाळी हाताने सारखी करून ठेवावी आणि सकाळी गुरं सोडण्याआधी पाहावी. हा अगदी बिनखर्चाचा उपाय आहे, आणि चुकीच्या जागी लावलेल्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा तो खात्रीचा आहे.

कॅमेरा लावायचाच असेल तर तो काम कसा करतो ते समजून घ्यावं. जनावर समोरून जाताना त्याच्या अंगाची उष्णता आणि मागच्या जमिनीची उष्णता यांतला फरक हलतो. कॅमेऱ्यातला संवेदक तो फरक टिपतो आणि फोटो निघतो. रात्री डोळ्याला न जाणवणाऱ्या अवरक्त प्रकाशात तो पाहतो, म्हणून ते फोटो काळे-पांढरे येतात. काही कॅमेऱ्यांचे दिवे फोटो काढताना किंचित लाल दिसतात, काहींचे अजिबात दिसत नाहीत. सावध जनावरासाठी दुसरे बरे. मराठवाड्यात एक अडचण खास आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारी जमीन आणि जनावराचं अंग यांच्या उष्णतेत फारसा फरक उरत नाही. समोरून जनावर गेलं तरी संवेदक गप्प राहू शकतो, आणि उलट तापलेल्या वाऱ्याने हललेल्या गवताचेच फोटो निघत राहतात. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारचे रिकामे फोटो हा जनावर नसल्याचा पुरावा नाही, हे नोंद वाचताना ध्यानात ठेवावं लागतं. कॅमेरा साधारण गुडघ्याच्या उंचीवर, वाटेपासून तीन-चार मीटरवर, वाटेला थोडा तिरपा बांधावा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवावं, म्हणजे उगवतीचं-मावळतीचं ऊन भिंगात शिरत नाही. समोरचं गवत काढावं. आणि सगळ्यांत आधी कॅमेऱ्यातलं घड्याळ लावावं. हे घड्याळ चुकलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

एकाच कुशीचे फोटो मिळाले तर मोजणीत घोटाळा होतो, हेही सांगायला हवं. बिबट्याचे ठिपके आणि तरसाचे पट्टे प्रत्येक जनावराचे वेगळे असतात, पण डावी आणि उजवी बाजूही एकमेकींसारखी नसते. डाव्या कुशीचे तीन फोटो आणि उजव्या कुशीचे दोन हे पाच बिबटे नसून एकच असू शकतो. ‘आमच्या शिवारात पाच बिबटे’ ही आरोळी बऱ्याचदा अशीच तयार होते. कोल्ह्याच्या किंवा रानडुकराच्या बाबतीत तर अंगावर ओळखीची खूणच नसते, त्यामुळे तिथे संख्येचा हट्ट सोडून ‘किती रात्रींपैकी किती रात्री आलं’ एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं.

आता सगळ्यांत जड आक्षेप. ज्याची ज्वारी रानडुकरांनी लोळवली, ज्याच्या भुईमुगाच्या वेली उकरल्या, त्याने त्याच जनावराचे फोटो कशाला काढायचे? त्याला हा शहरी माणसाचा छंद वाटला तर त्याला बोल लावता येणार नाही. पण नोंदीला जनावराविषयी प्रेम असावंच लागतं असं नाही. नुकसानभरपाईची सगळी वाट पुराव्याची आहे: लगेच कळवणं, मारलेलं जनावर जागेवरून न हलवणं, पंचनामा. गाय बिबट्याने मारली की आधीच मेलेल्या गाईला तरसाने तोंड लावलं, यावर दावा टिकतो किंवा फेटाळला जातो, आणि तिथे आदल्या रात्रीचा वेळ छापलेला फोटो जेवढं सांगतो तेवढं दहा माणसांचे जबाब सांगत नाहीत. पिकाचंही तसंच आहे. डुकरं कळपाने येऊन जमीन उकरतात, साळिंदर एकट्या-दुकट्याने येतं आणि खोडाशी दातांच्या खुणा ठेवतं, वानरं उजेडात येतात. तिघांना एकच उपाय लागू पडत नाही. कुंपणाच्या कुठल्या फटीतून, किती वाजता येतात हे आठवडाभर टिपलं तर रात्रभर माचाणावर जागण्याऐवजी नेमक्या दोन तासांची राखण पुरू शकते. नोंद ठेवली म्हणून नुकसान थांबेल असा दावा मी करणार नाही. पण ती नसताना शेतकऱ्याचं म्हणणं कागदावर उभंच राहत नाही, आणि हा अन्याय मला फार टोचतो.

दुसरा आक्षेप शिकाऱ्यांचा. ठिकाण सांगितलं की फासे लावणारा तिथे पोहोचेल, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय असा की नोंद पूर्ण ठेवावी आणि जाहीर मात्र अर्धीच करावी. वनखात्याला नेमकी जागा द्यावी, गावाच्या गटावर फक्त तालुका. ई-बर्ड, आय-नॅचरॅलिस्ट यांसारख्या नोंदणीच्या संकेतस्थळांवरही संकटातल्या जातींची नेमकी जागा झाकली जाते, ती याच कारणाने. गुहा, बीळ आणि घरटं यांची जागा तर कधीच पसरवू नये. किंबहुना तिथे फोटोच काढू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणंही येतं. टिटवीच्या अंड्यांचा जवळून फोटो काढण्यासाठी तिला भर उन्हात उठवलं तर अंडी तापून वाया जाऊ शकतात. फोटोसाठी कोंबडी बांधणं, मांस टाकणं, आवाज वाजवून बोलावणं यानेही नोंद खोटी होते, कारण मग जनावर तुमच्या बोलावण्याने आलेलं असतं. शिवाय ते घराजवळ खाणं शोधायला शिकतं, आणि त्याची किंमत पुढे त्याला किंवा शेजाऱ्याला मोजावी लागते.

तिसरा आक्षेप वनाधिकाऱ्यांकडूनही ऐकू येतो: फोटो दिसला की लोक पिंजरा मागतात, म्हणून न दिसलेलं बरं. यात तथ्य आहे, पण उपाय उलटा आहे. जुन्नर भागात 2001 च्या सुमारास बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूर सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले, असं अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात दिसलं. जागा बदललेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी शिवारात जास्त धोक्याचं ठरतं. आपल्या ओढ्यातून एक बिबट्या वर्षभर जातो-येतो आणि त्याने माणसाकडे डोळा वर करून पाहिलेलं नाही, हे ज्या गावाने तारीखवार पाहिलेलं असतं ते गाव पहिल्याच फोटोवर पिंजरा मागत नाही. आणि एखाद्या जनावराचं वागणं खरंच बदललं, ते दिवसा वस्तीत यायला लागलं, तर तोही बदल याच नोंदीत सगळ्यांच्या आधी दिसतो. आष्टीच्या घटनांनंतर ‘बिबट्या काही करत नाही’ असं सरसकट कोणी सांगू नये. कुठला बिबट्या काय करतो हे पाहायला हवं.

बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला हे ज्ञान घरापुरतं लागत नाही, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. आखाड्यावर म्हातारीकोतारी आणि काही लेकरं राहतात, आणि बाकीची माणसं ज्या जुन्नर-संगमनेर-अकोले पट्ट्यात कोप्या टाकतात तो बिबट्याचाच मुलूख आहे. उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्लं घालते, आणि तोडणी सुरू असताना ती सर्वांत आधी सापडतात ती या मजुरांना. तिथे आता एक चांगली रीत रुजली आहे. वनखातं आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात, संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवतात आणि समोर कॅमेरा लावतात. रात्री मादी येते, पिल्लाला मानेला धरून उचलते, नेते, परत येते. मादीने पिल्लं नेली की नाही हे कॅमेऱ्यातल्या वेळेसकट कळतं, त्यामुळे पिल्लांना उगाच जन्मभर पिंजऱ्यात ठेवावं लागत नाही आणि पिल्लं शोधत फिरणारी बिथरलेली मादी फडात मागे राहत नाही. फडातल्या मजुराने पिल्लू हातात घेऊन फोटो काढण्याऐवजी जागेला खूण करून तोडणी थांबवली, तर या सगळ्याला सुरुवात होते. हे त्याला कोणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं, आणि सांगायला त्याच्या गावासारखी जागा नाही.

गावात त्यासाठी चौकटही आहे. जैवविविधता अधिनियम 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ही कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली, ती गावकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं स्वतः लिहावं म्हणून. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर नोंदवह्या घाईने तयार झाल्या, आणि घाईत केलेल्या वहीत प्राण्यांची नुसती यादी असते: तरस आहे, कोल्हा आहे, मोर आहे. कुठे, कोणत्या महिन्यात, कशाच्या आसऱ्याने, हे नसतं. कपिलधार परिसरातल्या शाळांमधल्या मुलांनी आपापल्या आखाड्याभोवतीची पाऊलखुणांची पट्टी आणि फोनमधले तारीखवार फोटो वर्षभर या वहीत चढवले, तर उन्हाळ्यात कुठल्या हौदावर आणि शेततळ्यावर जनावरं पाण्याला येतात, कुठल्या शेततळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरून ती बुडतात, रस्त्याच्या कुठल्या वळणावर ती गाडीखाली सापडतात, हे ग्रामसभेसमोर मांडता येईल. शेततळ्यात दोराची जाळी सोडणं, विहिरीला कठडा बांधणं, वळणावर गतिरोधक मागणं ही कामं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत. आधी कुठल्या शेततळ्यात जाळी सोडायची, हे त्या वहीतल्या तारखा आणि जागा पाहून ठरवता येईल.